मळमड्डीतला अर्धा करार

१

विठ्ठलराव मास्तरांनी बत्तीस वर्षांत कमावलेलं नाव रविवारी सकाळी, धारवाडच्या वाचनालयाच्या भरल्या सभागृहात, अडीच मिनिटांत मातीला मिळालं. हेमावती दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत हे घडलं, आणि संतापानं तिचे कान लाल झाले.

सन एकोणीसशे सदतीस, दिवाळी नुकतीच झालेली. मास्तर इतिहासाचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी मळमड्डी भागातला कुठलाही माणूस पत्ता सांगताना ‘मास्तरांच्या घरापासून तिसरं’ असंच सांगायचा. त्यांच्या वर्गात बसलेली पहिली मुलगी म्हणजे हेमावती. आता ती स्वतः मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होती, चाळिशीला आली होती, आणि तिच्यासमोर मास्तरांविषयी वेडंवाकडं बोलायची कोणाची टाप नव्हती.

मास्तरांचा विषय मध्ययुगीन युरोप. धारवाडात बसून माणूस सातशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले मठ, सरंजामदार आणि कुळं यांच्यात इतका रमतो कसा, असं लोक विचारायचे. मास्तर हसून भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवायचे. चौकटीत कातड्याचं एक पान होतं, दोन वीत लांब आणि दीड वीत रुंद.

ते पान म्हणजे एक करार होता. इंग्लंडातला एक मठ आणि त्याच्या जमिनीवर राबणारं गाव यांच्यातला, बाराशे अडुसष्ट सालचा. गावकऱ्यांनी मठाच्या रानातलं वाळकं लाकूड न्यावं, डुकरं चारावीत. बदल्यात सुगीचे तीन दिवस मठाच्या शेतात राबावं. मठाधिपतीनं तिनाचे चार दिवस करू नयेत. शेवटी गावातल्या अकरा कुळांची नावं. हा मजकूर मेंढीच्या एकाच कातड्यावर वर एकदा, खाली एकदा लिहिला. मधल्या जागेत ठसठशीत अक्षरांची एक ओळ काढली आणि त्या अक्षरांवरूनच नागमोडी काप देऊन कातड्याचे दोन तुकडे केले. एक मठाला, एक गावाला. चाळीस वर्षांनी नवा मठाधिपती म्हणाला, असा करार झालाच नाही. गावकरी आपला तुकडा घेऊन राजाच्या न्यायाधीशापुढे उभे राहिले. तुकड्याला तुकडा लावला, अर्ध्या अक्षराला अर्धं अक्षर जुळलं, आणि मठाधिपतीची बोलती बंद झाली.

“देव, राजा आणि रयत, तिघंही ह्या एका कातड्यावर आहेत,” मास्तर दरवर्षी मॅट्रिकच्या वर्गाला सांगायचे. “आणि आपल्याकडे आहे तो रयतेचा तुकडा!” हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा, की जणू ते स्वतःच त्या न्यायाधीशापुढे उभे होते. बारा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या इंग्रज प्राध्यापकानं विलायतेला परतताना ते पान त्यांना दिलं होतं. “ते गावकरी काय खायचे, असं मला विचारणारा ह्या गावात तूच एक भेटलास,” असं म्हणून.

मास्तरांनी त्या युगावर मराठीत ग्रंथ लिहिला. तो छापायचं वाचनालयानं ठरवलं आणि समारंभाला मुंबईचे प्राध्यापक पुंडलिकराव आले. मठाचा तुकडा विलायतेत अजून आहे. तिथं शिकत असताना पुंडलिकरावांनी त्याचा पानाच्या मापाचा फोटो घेतला होता. धारवाडचं पान त्या फोटोला लावायचं, काप जुळवायचा, टाळ्या वाजवायच्या, असा कार्यक्रम होता.

“मुंबईहून निघाल्यापासून ह्या फायलीचा बंद मी आत्ता प्रथम सोडतो आहे,” पुंडलिकराव म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठ्याच्या फायलीतून फोटो काढला. शेजारी पान ठेवलं. एक क्षण गेला, दोन गेले. मग त्यांनी मान हलवली.

काप जुळत नव्हता. एका बाजूची नागमोड जिथं खाली उतरत होती, तिथंच दुसरीची वर चढत होती.

“बाकी कारागिरी बरी आहे,” पान उंच धरून ते म्हणाले. “आणि हे कोपऱ्यातलं दसऱ्याचं कुंकू पाहा! दरवर्षी सरस्वतीपूजनात मांडत असणार. बारा वर्षं पूजा केलीत मास्तर, पण नकलेची!”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मास्तर उठले, अंधुक डोळ्यांनी हात पुढे केले. पान बोटांना लागताच ते म्हणाले, “हे माझं पान नव्हे.”

आता असं म्हणण्यावर कोण विश्वास ठेवणार! अध्यक्ष बाळकृष्णपंत वकिलांनी ग्रंथाची छपाई ‘तूर्त थांबवल्याचं’ जाहीर केलं. पुंडलिकराव चारच्या गाडीनं परतणार होते, आणि मुंबईला पोचताच वर्तमानपत्रांत सगळं लिहिणार होते.

हेमावती सरळ व्यासपीठावर चढली आणि तिनं ते पान मागितलं. “घ्या की बाई, आता त्याला कोण विचारतो!” पुंडलिकराव म्हणाले. तिनं पान नाकाशी नेलं. त्याला चुन्याचा उग्र, ताजा वास येत होता. सातशे वर्षांच्या कातड्याला नव्हे, चार महिन्यांपूर्वी कमावलेल्या कातड्याला येतो तसा.

मास्तर खरं बोलत होते. पान बदललं गेलं होतं, आणि हातात जेमतेम पाच तास होते.

२

“अक्का, मला विचारू नकोस. मला वाटतंय ते तोंडातून काढवत नाही,” पद्मनाभ म्हणाला.

तो मास्तरांचा पुतण्या, बत्तिशीचा, शाळेत गणिताचा मास्तर. मास्तरांच्या घराच्या पायरीवर तो डोकं धरून बसला होता. बाहेर तीन-तीनदा हात फिरवून रांगोळी काढलेली, दाराला तोरण, आणि आत सुतक पडल्यागत शांतता.

“वाटतंय ते राहू दे. काय काय झालं ते सांग,” हेमावती म्हणाली.

“काल संध्याकाळपर्यंत पान भिंतीवर चौकटीतच होतं. आज सकाळी सातला मी ते काढलं, दोन फळ्यांमध्ये ठेवलं, वर रुमाल बांधला आणि बाहेरच्या खोलीत मेजावर ठेवलं. मग टांगा आणायला गेलो. पाऊण तासानं आलो, गाठोडं उचललं, सभागृहात नेलं. मध्ये सोडलंच नाही.”

“काढताना पान नीट पाहिलंस?”

“पाहिलं की. आपलंच होतं.”

“कोपऱ्यातला डाग?”

“होता.” त्यानं कपाळ चोळलं. “गडद होता. चौकटीची काच पिवळी पडलेली, सगळंच तपकिरी दिसतं अक्का, आणि आज बाहेर काढलं ते घाईत. रंग विचारशील तर शपथ घेता येणार नाही.”

हेमावतीला मनातून कबूल करावं लागलं, की तिलाही घेता आली नसती. पंचवीस वेळा ते पान पाहिलं असेल तिनं, पण लक्ष असायचं मास्तरांच्या बोलण्याकडे.

“त्या पाऊण तासात घरात कोण होतं?”

“काका अंघोळीला गेलेले. काकू स्वयंपाकघरात. मुंबईचे पाहुणे बाहेरच्या खोलीत चहा घेत होते. आणि...” पद्मनाभनं दाराकडे पाहिलं. “आणि अप्पा.”

अप्पा म्हणजे त्याचे वडील, मास्तरांचे थोरले भाऊ बाळाचार्य. कर्मठ माणूस. त्यांचं सोवळं इतकं कडक, की गल्लीतली मुलं त्यांना येताना पाहून भिंतीला चिकटून उभी राहायची. मेंढीचं कातडं घरात टांगलंय म्हणून बारा वर्षं त्यांनी मास्तरांशी वाद घातला होता. बाहेरच्या खोलीतून जाताना ते त्या भिंतीकडे पाठ करून जायचे.

“आठ दिवसांपूर्वी अप्पा म्हणाले, एक दिवस हे चामडं मी घरातून घालवतो की नाही बघ,” पद्मनाभ पुटपुटला. “अक्का, आपल्याच घरात चोर निघाला तर?”

आतून घंटेचा आवाज आला. एवढ्या गोंधळात आचार्यांची पूजा खोळंबली होती आणि दुपारचे बारा वाजून गेले तरी ती आता कुठे सुरू होत होती. पूजेत ते कोणाशी बोलत नसत. हेमावतीनं चपला घातल्या. चोर घरातला असो की बाहेरचा, नक्कल करायला त्याला नमुना हवा. आणि पान तर बारा वर्षांत भिंतीवरून एकदाच उतरलं होतं, फोटोसाठी.

३

गुरुराजचा फोटो स्टुडिओ बाजाराच्या तोंडाशी होता. दोन वर्षांपूर्वी त्या पानाचा फोटो त्यानंच काढला होता. काचेच्या खिडकीत तो अजूनही लावलेला होता, पोस्टकार्डाएवढा, दोन नवरदेवांच्या मधोमध.

“हौद्री अक्का, होय, मीच काढला,” गुरुराज म्हणाला. “चौकटीतनं बाहेर काढून, अंगणात, उन्हात. एकदम फर्स्टक्लास आला.”

“त्या कोपऱ्यातला डाग कसल्या रंगाचा होता, आठवतं?”

गुरुराजनं डोकं खाजवलं. “गोत्तिल्ल री, ठाऊक नाही! मी काळ्यापांढऱ्यातला माणूस. माझ्या बायकोनं काल कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं तेही मला सांगता यायचं नाही, आणि त्यावरनं घरी रोज ऐकून घेतो.”

“फोटोच्या प्रती किती काढल्या?”

“तीन. एक खिडकीत, एक मास्तरांकडे, दोन्ही लहान. एक मोठी, अगदी पानाच्या मापाची. ती मास्तरांनी टपालानं पाठवली. आज आलेल्या त्या प्रोफेसरांनीच तशी मागितली होती, पान ओळखायला म्हणून. नंतर निगेटिव्हची काच फुटली. त्यामुळं चौथी निघालीच नाही.”

हेमावतीनं पिशवीतून नकली पान काढून खिडकीतल्या फोटोशेजारी धरलं. पहिल्यांदाच ती ते शांतपणे पाहत होती, आणि पाहता पाहता चोराच्या हाताचं तिला कौतुक वाटायला लागलं. अक्षरांची वळणं, एका ओळीत खोडलेला शब्द, डावीकडची चुणी, सगळं जिथल्या तिथं. कोपऱ्यातला डागसुद्धा. फोटोत काळा, पानावर लाल.

फक्त वरचा काप वेगळा होता. फोटोत नागमोड डावीकडे खाली उतरत होती, पानावर वर चढत होती.

ती दुकानाच्या बाकावर बसली. केसाएवढ्या रेषा जशाच्या तशा उतरवणारा माणूस, पानातली सगळ्यात ठळक, लहान मुलालाही गिरवता येईल अशी एक रेघ चुकवतो? आणि तीच, जी सगळ्यांसमोर तपासली जाणार?

नक्कल करणारा आपली नक्कल खपावी म्हणून धडपडतो. ह्या माणसाला ती पकडली जायला हवी होती.

“अक्का, पाणी देऊ का री?” गुरुराजनं घाबरून विचारलं. तिच्या चेहऱ्याचा रंग काळ्यापांढऱ्यातल्या माणसालाही कळला होता.

४

परत येईतो दीड वाजला होता. मागच्या दारी मास्तरांची बायको चंद्रभागाकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडलेलेच तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या.

“हेमा, हे सकाळपासनं खोलीतनं बाहेर आले नाहीत ग,” त्या म्हणाल्या. “पाण्याचा घोटसुद्धा नाही. म्हणतात, लोकांनी मला खोटारडा म्हटलं ते चालेल, पण त्या पानातल्या अकरा कुळांना खोटं पाडलं मी.”

हेमावतीनं शेजारी बसून पिशवीतलं नकली पान काढलं. ती ताडकन उठली. “काकू, लिंबू आहे घरात? ह्या डागावर पिळून बघायचंय, हे कुंकूच आहे का ते.”

खरं कुंकू हळदीचं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. हळदीला खार लावून लाल करतात आणि आंबट लागलं की ते पुन्हा पिवळं पडतं. पान हातात घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली, तशा काकू जवळजवळ किंचाळल्या.

“अय्यय्यो! ते चामडं आत कुठं नेतेस? भावजी अजून सोवळ्यात आहेत! थांब, लिंबू मी बाहेर आणते.”

हेमावतीचा पाय उंबऱ्यावरच थांबला.

काकूंनी लिंबाची फोड आणली, एक थेंब डागावर पाडला. लाल रंग हलला, पसरला, आणि बघता बघता पिवळाधमक झाला.

“कुंकूच ग बाई,” काकू म्हणाल्या.

“काकू, दसऱ्याला सरस्वतीच्या पूजेत हे पान मांडत होता का तुम्ही?”

“खुळी की काय! मास्तरांची सगळी पुस्तकं मांडतो, हे चामडं कसं मांडणार? पहिल्या वर्षी ह्यांनी हट्ट केला होता, तर भावजी दोन दिवस जेवले नाहीत. त्या दिवसापासनं पान भिंतीवर आणि देव आत. त्याच्यावर कुंकवाचं बोट कधी टेकलं नाही.”

हेमावती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. “काकू, शेवटचं. पाहुण्यांची ट्रंक कोणी भरली?”

“मीच. लाडवांचा डबा ठेवायला उघडली. स्वतःच म्हणाले, ठेवा कुठंही, तीनला न्यायला येतो. का ग?”

“काही नाही. मास्तरांना म्हणावं, कोट घालून तीन वाजता बाहेर या. हेमीनं सांगितलंय म्हणावं.”

५

बाळाचार्य देवघरातून बाहेर आले ते दोन वाजून गेल्यावर. उघडं अंग, कपाळावर काळ्या अंगाऱ्याची रेघ, नेसूचं लोकरी धाबळीचं सोवळं. हेमावती दहा पावलं लांब, अंगणात उभी राहिली. ह्या घरी ती सातव्या वर्षापासून येत होती. किती लांब उभं राहायचं ते तिला पक्कं माहीत होतं.

“आचार्य, रागावू नका, पण विचारायलाच हवं. पान तुम्ही घालवलंत, असं लोक म्हणणार आहेत.”

“म्हणू देत,” बाळाचार्य म्हणाले. “माझा मुलगासुद्धा तसंच म्हणतोय. सकाळपासनं माझ्याकडे बघत नाही.”

“मग तुम्ही त्याला सांगत का नाही, की घेतलं नाही म्हणून?”

“ज्याला बापाचं सोवळं माहीत आहे त्याला सांगायला कशाला लागतं?” म्हातारा खवळला. “मी त्या कातड्याला बोट लावीन? चोरी करायची म्हटली तरी उचलावं लागतं ना!”

अगदी हाच मुद्दा होता. हेमावतीला ह्या हट्टी माणसाचे पाय धरावेसे वाटले, पण तेही सोवळ्यात शक्य नव्हतं.

“सकाळी पद्मनाभ टांग्याला गेला तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीतून गेलात?”

“तुळस आणायला गेलो. अंगणात जायला दुसरी वाट नाही.”

“काय पाहिलंत?”

“पाहायचं काय? पाहुणे मेजाशी उभे होते. आपल्या त्या पुठ्ठ्याच्या फायलीचा बंद बांधत होते. मला बघून जरा दचकले, बाजूला झाले. चांगल्या घरचा माणूस, सोवळ्यातल्याला वाट द्यायची रीत आहे त्यांच्यात. पूजेआधी मी बोलत नाही, म्हणून काही बोललो नाही.”

“बंद बांधत होते. नक्की?”

“मला मोतीबिंदू नाही,” आचार्य म्हणाले.

बाहेर टांग्याची घंटा वाजली. तिनाला अजून दहा मिनिटं होती, पण पाहुणे ट्रंक न्यायला आलेच होते.

६

बाहेरच्या खोलीत माणसं मावत नव्हती. पुंडलिकरावांबरोबर बाळकृष्णपंत वकील आले होते. पद्मनाभ दाराशी होता. बातमीच्या वासानं गुरुराज दुकान बंद करून आला होता आणि खिडकीत शेजारपाजारची सहा डोकी होती. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, अंगात समारंभाचा कोट, चेहरा राखेसारखा. भिंतीवरची रिकामी चौकट त्यांच्या डोक्यावरच होती.

पुंडलिकरावांनी फाईल तिपाईवर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. “चला, उशीर नको. ट्रंक कुठाय?”

“ट्रंक तयार आहे. आपण जायच्या आधी धारवाडकरांचा हिशेब चुकता करू,” हेमावती म्हणाली. “पान नकली आहे, ह्याबद्दल माझं आणि आपलं एकमत आहे. आज सकाळी सातपर्यंत चौकटीत होतं ते खरं होतं. सात ते पावणेआठच्या दरम्यान ते बदललं. आता नक्कल करणारा कोण, ते हे पानच सांगतंय.”

तिनं पान वर धरलं. वर्गात धरायची तसंच.

“एक. ह्या कारागिराला सगळं जमलं, फक्त काप जमला नाही. ज्याला मास्तरांचं पान चोरून गुपचूप नक्कल टांगायची असती, त्यानं काप आधी जुळवला असता. ह्यानं मुद्दाम चुकवला. नक्कल भर सभेत पकडली जायला हवी होती. पकडली गेली की मास्तर खोटे ठरणार, आणि खऱ्या पानाला शोधायला कोणी निघणार नाही. खरं पान नव्हतंच, असं सगळे म्हणणार!”

बाळकृष्णपंतांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“दोन. हा डाग कुंकवाचा आहे, काकूंनी लिंबू लावून पाहिलाय. फोटोत तो नुसता काळा दिसतो. काळ्या डागाला रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न कारागिराला पडला असणार. आपल्या घरात पूज्य वस्तूवर, दरवर्षी दसऱ्याला पूजा होणाऱ्या पानावर, कोपऱ्यात डाग कशाचा असणार? कोणीही आपला माणूस म्हणेल, कुंकवाचा. पण ह्या घरात कातडं पूजेत बसत नाही. हे काकूंना ठाऊक, पद्मनाभला ठाऊक, आचार्यांच्या तर जिवावरची गोष्ट. मास्तर, तो डाग कसला हो?”

“मेणाचा,” मास्तर म्हणाले. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. “हिरव्या मेणाची मोहर होती, तिचा थेंब. आता काळपट झालाय. बोटाला उंचवटा लागतो.”

“म्हणजे कारागिरानं खरं पान पाहिलेलंच नव्हतं. त्याच्यापुढे होता फक्त फोटो, आणि तोही पानाच्या मापाचा. खिडकीतल्या पोस्टकार्डावरून केसाएवढी रेघ उतरत नाही. गुरुराजअण्णा, मोठी प्रत कुठं गेली?”

“मुंबईला,” गुरुराज म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

खोलीतली सगळी डोकी वळली. पुंडलिकराव हसले, पण ते हसणं सकाळचं नव्हतं. “बाई, कल्पना छान आहे. नक्कल मी केली म्हणता? मग पान कुठाय? ट्रंक उघडून बघा.”

“ट्रंक काकूंनीच भरली, तिच्यात लाडू आहेत. पण बारा वर्षं चौकटीत ताठ बसलेलं कातडं गुंडाळलं तर तडकतं. ते सपाटच न्यावं लागतं. आपल्याजवळ सपाट वस्तू एकच आहे. सभेत आपण म्हणालात, मुंबईहून निघाल्यापासून फायलीचा बंद आत्ता प्रथम सोडतो आहे. मग सकाळी साडेसातला तो बंद बांधत कोण होतं?”

“कोणी पाहिलं?” पुंडलिकराव गरजले. “बाळकृष्णपंत, माझ्या खाजगी कागदांना कोणी हात लावला तर मी अब्रूनुकसानीचा दावा लावीन! सांगून ठेवतो!”

बाळकृष्णपंत वकील असल्यानं गप्प झाले. पद्मनाभ पुढे सरकला आणि थबकला. हेमावतीची बोटं वळली. इतकं जवळ येऊन, एका पुठ्ठ्यासाठी?

तेव्हा आतल्या दारातून बाळाचार्य आले.

अजून जेवण झालेलं नव्हतं, अजून ते सोवळ्यातच होते. माणसं बाजूला झाली, भिंतीला टेकली. आचार्य कोणाकडे न पाहता सरळ तिपाईकडे चालत आले. आणि पुंडलिकरावांनी, चांगल्या घरच्या त्या माणसानं, जन्माच्या सवयीनं दोन्ही हात छातीशी घेतले आणि दोन पावलं मागे सरकले. विटाळ होऊ नये म्हणून.

फाईल तिपाईवर एकटी राहिली.

“मी पाहिलं,” आचार्य म्हणाले आणि त्यांनी फायलीचा बंद सोडला. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. पुठ्ठ्याची एक कड उसवलेली होती. आचार्यांनी तीत दोन बोटं घातली.

“अप्पा!” पद्मनाभ ओरडला. “अप्पा, सोवळं! मी काढतो!”

“तू गप्प बस,” बाळाचार्य म्हणाले.

त्यांनी पान ओढून काढलं, दोन्ही हातांत धरलं. पिवळसर, किंचित चुणीचं, कोपऱ्यात काळपट हिरवा मेणाचा थेंब. ज्या भिंतीकडे बारा वर्षं पाठ केली तिच्यावरची ती वस्तू, धाबळी नेसून, पूजा झालेल्या हातांनी त्यांनी उचलली आणि जाऊन धाकट्या भावाच्या मांडीवर ठेवली.

“विठ्ठला, बघ रे, तुझंच आहे का?”

मास्तरांची बोटं कोपऱ्यातल्या उंचवट्यावर टेकली आणि तिथंच फिरत राहिली. त्यांनी मान डोलावली. हेमावतीनं फोटो आणून पानाच्या वरच्या कडेला लावला. नागमोड नागमोडीत बसली. सातशे वर्षांपूर्वी सुरीनं कापलेली अक्षरं एकेक करून पूर्ण झाली, डावीकडून उजवीकडे, एकही न चुकता. बाळकृष्णपंत वाकून पाहत होते, आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. खिडकीतल्या डोक्यांनी उरलेल्या वाजवल्या.

पुंडलिकराव भिंतीशी उभे होते. “मठाचा तुकडा कुरतडलेला आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “कुळांची नावं गेलीत. ती फक्त ह्यात आहेत. असली वस्तू मुंबईत, विलायतेत लोकांपुढं यायला हवी होती, माझ्या हातून. इथं मळमड्डीत, एका भिंतीवर... कोणाला कळणार होतं?”

मास्तरांनी मान वर केली. अंधुक डोळे आवाजाच्या दिशेनं वळले, आणि बत्तीस वर्षांचा तो वर्गातला आवाज पुन्हा चढला.

“प्राध्यापक, ह्यातली अकराही नावं मळमड्डीतल्या प्रत्येक मॅट्रिकवाल्याला पाठ आहेत. हेमे, सांग ग पहिलं!”

हेमावतीनं पहिलं सांगितलं. दुसरं पद्मनाभनं. तिसरं खिडकीतून आलं, चौथं आणि पाचवंही. पुढची नावं कोण म्हणत होतं तेच कळेना, कारण ती सगळे मिळून म्हणत होते. सातवी होती ती एक विधवा, तिचं नाव काकूंनी आतल्या दारातून सांगितलं. पुंडलिकराव ट्रंक उचलून कधी बाहेर पडले, ते कोणी पाहिलं नाही. लाडवांचा डबा मात्र त्यांच्याबरोबर गेला, कारण पाहुण्याला दिलेलं परत घेत नाहीत.

बाळकृष्णपंतांनी तिथल्या तिथं छपाईचा दिवस सांगितला आणि वर्तमानपत्रांना पत्र आपण स्वतः लिहू म्हणाले. मास्तर ऐकत नव्हते. ते थोरल्या भावाच्या दिशेनं तोंड करून बसले होते.

“अण्णा, तुम्ही हात लावलात,” ते म्हणाले. “कातड्याला.”

“कातड्याला कशाला लावीन?” बाळाचार्य म्हणाले. “माझ्या भावाचं पान आहे ते.”

मग ते वळले, हात अंगापासून लांब धरून अंगणाकडे निघाले, आणि पद्मनाभ त्यांच्या मागून धावला.

“विहिरीचं पाणी काढ,” ते मुलाला म्हणाले. “गार चालेल. पुन्हा अंघोळ करायची आहे, पुन्हा पूजा, आणि मग सगळे मिळून जेवू.”